आबाच्या पाटावर

१० सप्टें., बुधवार

आज मी मेलेल्या मानसाच्या आवाजात बोललो.

बोलायचं नव्हतं. पितराच्या पाटावर बसलं की मुंडी खाली घालून जेवायचं आन् उठायचं, येवढं मला ठाऊक व्हतं. तरी बोललो. कोनाला सांगू शकत न्हाई म्हनून इथं लिहून राहिलो.

समोरच्या घरचे गंगाराम आबा मागल्या साली वारले. आज त्यांची तीज, त्यांचं पित्तर. बाहेरचा एक गडी आबा म्हनून पाटावर बसवतेत. पाय धुतेत, गंध लावतेत, जेवू घालतेत, आन् तो उठेपर्यंत त्याला आबाच म्हनतेत. कोंडिबा तात्या ठरले व्हते. पन आज गावात तिजेचे तीन घरं. तात्या दोन घरी जेवले आन् तिसऱ्या घराला येता येता पारावर आडवे झाले. हलवलं तरी उठनात. पितर जेवायचं थांबून राहिलं, तं आबाचा पोरगा इठ्ठल काका मला धरून घेऊन गेला. मी सायकलची चेन बसवत व्हतो. हात काळे. ते बी त्यानंच धुतले.

पाटावरून गोठा सरळ दिसते. म्हशीच्या दावनीला लागून अन्साआजीची खाट. अन्साआजी म्हंजे आबाची बायको, इठ्ठल काकाची माय. दिवाळीपासून तिथं हाय. सुनिता काकू म्हनते, म्हातारी खोकते, लेकराची झोप मोडते. आन् आजचा सैपाक कोनं केला? वडे, कढी, डांगराची भाजी, खीर, पहाटेपासून आजीच. सैपाकाला घरात, झोपायला गोठ्यात. 

बाहेर कावळ्याला पान ठेवलं व्हतं. पावसाची झड लागलेली, कावळा कशाला येते. इठ्ठल काका हात जोडून म्हनून राहिला, आबा काही राह्यलं आसन तं सांगा. इचारलं कावळ्याला. उत्तर मी देलं.

आबासारखं दोनदा खाकरलो. मंग त्यांच्यासारखं नाकातून, लांबवून म्हनलं, “मीठ कमी हाय.”

आजीच्या हातातली पळी पडली. तिथंच थांबायला पाहिजे व्हतं, पन मला राग आलता.

“म्हशीजवळ ती खाट कोनाची? म्हशीची आसंल तं म्हशीला घाला. मह्या बायकोची आसंल तं घरात घ्या.”

खीर न खाता उठलो. घरी येऊन परत चेन बसवायला बसलो.

११, गुरु

खाट घरात!

सकाळी इठ्ठल काकानं एकट्यानं उचलली. सुनिता काकू दारात उभी, तोंड येवढं. पन मधे बोलली न्हाई. पितरानं सांगतलं म्हनल्यावर कोन बोलते.

इथून पुढं इ.का. आन् सु.का. असंच लिहीन. पूरं नाव लिहायचा कंटाळा. आन् कोनी वाचलं तं नाव लपावं. (लपत न्हाई. ठाऊक हाय.)

(चित्र काढलं: म्हैस खाटेवर झोपली, पांघरून घेऊन.)

आई म्हनली, गंगाराम आबा तुझ्या आंगात आलते म्हनतेत, खरं का. मी म्हनलं मला काही याद न्हाई. तिनं मीठ-मिरच्या उतरवल्या. मिरचीचा ठसका लागला न्हाई, म्हनून ती आजूक भ्याली. सर्दी झाली मला, दुसरं काही न्हाई.

१२, शुक्र

शाळेत पुस्तकाचं खोकं आलं. बाईनं मला एक देलं, चित्राचं. बाकी तं तू वाचत न्हाईस, म्हनल्या, हे तरी पाह्य.

परदेशातले लेकरं. भुताचे कपडे घालून दारोदार हिंडतेत आन् गोळ्या-बिस्किटं मागतेत. त्यातलं भूत म्हंजे वाळत घातलेली चादर. दोन भोकं. येवढ्याला कोन भीते? एका हाडकाच्या सापळ्याला टाय बांधलाय. टाय. सापळा काय हापिसात जाते का?

पन एक गोष्ट ध्यानात आली. तिकडं भूत मागत हिंडते, इकडं आपन भुताला बोलवून, पाय धुऊन, जेवायला बसवतो. आपलं भूत मानाचं हाय.

आन् तिकडं बी डांगरच, पुस्तकात भोपळा लिहतेत ते. कोरून, दात पाडून, आत दिवा लावतेत. आपल्याइथं पितराला डांगराची भाजी लागते. भुताचं आन् डांगराचं काय हाय कोनाला ठाऊक. बाईला इचारलं तं म्हनल्या, गजानन, पाढे म्हन.

१३, शनि

सु.का. नळावर म्हनत व्हती, चार दिस झाले की खाट परत गोठ्यात, पितर गेले की कोन पाह्यते. मह्या आईसमोर म्हनली. आई घागर भरत राह्यली. आईचा बी राग आला.

दुपारी सगळे झोपले तव्हा आमच्या माळवदावरचं डांगर घेतलं. इळ्यानं दात पाडले, डोळे पाडले. पुस्तकातल्यापेक्षा भारी झालं. वर आबासारखा पटका बांधला. गोठ्यात आजीची खाट व्हती त्याच जागी ठेवून आलो. म्हनलं, सु.का. शेन काढायला जाईन आन् पाह्यन की ही जागा आता कोनाची हाय.

गेली. वरडली पन. पूरी गल्ली गोळा झाली.

पन लोक येईपर्यंत म्हशीनं डांगर खाल्लं. दात, डोळे, सगळं. पटक्याचं एक टोक तोंडातून लोंबत व्हतं. आता गावात चर्चा अशी की गंगाराम आबा आले व्हते आन् म्हशीच्या पोटात गेले. सु.का. म्हशीला हात लावना. धार इ.का. काढून राहिला, त्याला येत न्हाई, अर्धं दूध खाली.

(चित्र: म्हशीच्या पोटात आबा, बिडी पेटवून बसले.)

पटका मह्या बापाचा व्हता. बाप सेनगाव-हिंगोली जीप चालवते, पटका फकस्त लग्नाला बांधते. अजून ध्यानात आलं न्हाई त्याच्या.

१४, रवि

आजी आली. हातात झाकलेलं ताट. आई वावरात गेलती. मला म्हनली, बस. मी बसलो. तिनं ताट समोर ठेवलं आन् दारापाशी सरकून, पदर डोक्यावर घेऊन बसली. मह्याकडं पाहीना.

खाली मान घालूनच म्हनली, “मीठ बराबर हाय का, पाह्यजा.”

पाह्यजा. नवऱ्याला म्हनतेत तसं, मला. तेरा वर्साच्या पोराला. मला आधी हासू आलं. आजी, मी गज्या हाय, असं म्हनायला तोंड उघडलं. पन पुरनपोळी व्हती. आन् गज्या म्हनलं की आबा गेला, आबा गेला की खाट गेली. म्हनून आबासारखं खाकरलो आन् म्हनलं, बराबर हाय.

तिनं असा श्वास सोडला जसं काही परीक्षेत पास झाली.

१५, सोम

आज परत. थालीपीठ आन् लोन्याचा गोळा.

आज मी जरा जास्तीच केलं. उद्या धपाटे आन म्हनलं. गूळ पिवळा पाहिजे म्हनलं. ती व्हय म्हनून निघाली, उठताना भिंतीला धरलं. मला लई भारी वाटलं. शाळेत मला कोनी काही इचारत न्हाई, घरात बाप म्हनते गज्या पानी आन, गज्या चावी आन. आन् हितं एक मानूस मह्या हुकमानं चुलीपाशी पळते.

संध्याकाळी आई भाकरी थापत व्हती तव्हा सहज इचारलं, आबा कसे व्हते गं. मला आबा म्हंजे पारावर बसून बत्तासे देनारे. सगळ्या पोराला देयचे. नाकातून बोलायचे म्हनून आमी त्यांची नक्कल करायचो, तं ते बी हासायचे.

आई म्हनली, “तुला बत्तासे देयचे, तुला चांगलेच. मीठ कमी झालं की ताट आंगनात जायचं. अन्साआजीच्या कपाळावर जखमेचा वन हाय, तो काय पडून झाला का?”

भाकरी उलटली आन् म्हनली, आता कुठं बिचारीचं वरीस बरं गेलं व्हतं. गोठ्यात का व्हईना, पन झोप लागायची म्हनायची.

जेवलो न्हाई.

१६, मंगळ

मीठ कमी हाय. मीठ कमी हाय. सगळं सोडून हेच काहून निघालं मह्या तोंडातून. आबा पारावर सोडून बाकी कुठं काय म्हनत व्हते ते मला ठाऊकच नव्हतं. आंगनातून ऐकू यायचं तेवढंच म्हनलं.

आजी धपाटे घेऊन आली. मी मागच्या दारानं पळालो. घरामागच्या गोदामाच्या आड उभा राहून पाह्यलं. ती किती येळ ताटापाशी बसली व्हती. मंग ताट झाकून तसंच ठेवून गेली. उठवत पन नव्हतं तिला.

आबावर राग. सु.का.वर राग. सगळ्यात जास्ती त्या नाकातल्या आवाजावर, जो मलाच काढता येते.

चित्र न्हाई आज.

१७, बुध

मराठवाडा मुक्तिदिन. झेंडा झाला, शाळा लवकर सुटली. येताना इ.का.नं कडब्याच्या गंजीमागं वढलं.

म्हनला, “मह्या बापानं जन्मात काही इचारलं न्हाई मला. खाट कोनाची, हे कोनाचं. तो इचारायचा न्हाई, लाथ घालायचा. तू पाटावर इचारलं, तव्हाच मला कळलं की हे तू हायस.”

मी इचारलं, कळलं व्हतं तं खाट काहून आत घेतली.

तो कडब्याची काडी उपसून मोडत राहिला. मंग म्हनला, घ्यायचीच व्हती रे मला. सुनिताला कोन सांगन. तुपल्या तोंडून निघालं, बरं झालं.

म्हंजे मी मूर्ख. मला वाटत व्हतं मी त्याला फशिवलं. त्यानं मला वापरलं.

पन गोष्ट तिथं संपली न्हाई. आता घरात आजीसमोरच रोज भांडन हाय म्हने, म्हातारीला लेकीकडं धाडा म्हनून. सु.का. माहेरी जायच्या धमक्या देऊन राहिली. म्हनून आमोशाला, सर्वपित्रीला, मी परत पाटावर बसायचं. आन् आबाच्या आवाजात म्हनायचं: अन्सा, तू जवळा बाजार गावाला लेकीकडं जाऊन राह्य. “ती त्याचं ऐकते,” म्हनला. “मह्यानं म्हनवत न्हाई.”

मी न्हाई म्हनलं. तं म्हनला, मंग तुपल्या बापाला सांगतो. गावाला सांगतो. पितराच्या पाटावर बसून थट्टा केली म्हनून. आन् एकदा थट्टा हाय हे कळलं की मायची खाट गोठ्यात, ते बी तुझ्यामुळं.

मिशा हायेत. ट्रॅक्टर हाय. गावच्या बैठकीत पुढं बसते. आन् मायला घरात घ्यायला भूत लागते, घराबाहेर काढायला बी भूतच लागते. ह्याच्या आयला.

(चित्र: इ.का. लहान, चड्डीत, सु.का.च्या मागं लपला. भूत पुढं उभं, भुताच्या हातात त्याचं बोट.)

१८, गुरु

जवळा बाजारला लेकीच्या दोन खोल्या, त्यात तिची सासू, दीर, तीन लेकरं. आजी तिथं संक्रांतीला गेलती तं चौथ्या दिशी माघारी आली. आईला म्हनली व्हती, लेकीच्या घरी दोन दिस पाव्हनी, तिसऱ्या दिशी अडचन.

मी म्हनलं तं ती जाईन. हेच तं वाईट हाय. काही न इचारता जाईन. पिशवी भरंन आन् जाईन.

मी न्हाई म्हनलं तं गोठा.

खरं सांगतलं तं बी गोठा, वर मला मार, आन् जलमभर गावात नाव की पितराचा अपमान केलेला गज्या.

१९, शुक्र

काही न्हाई. गनितात सहा मार्क. बापाला पटका आठवला. मार खाल्ला. बरं वाटलं उलट, कशाचा तरी हिशोब झाला.

२०, शनि

नळावर उभ्या उभ्या सुचलं.

इ.का. गावाला काय सांगन? गज्यानं फशिवलं? मंग गाव इचारंन, तुला कधी कळलं. तव्हाच कळलं म्हनला तं गाव म्हनन, मंग इतके दिस गप काहून व्हता. सु.का. तं पयलं हेच इचारंन. तो सांगूच शकत न्हाई! त्याचं भ्यानं मह्यापेक्षा मोठं हाय.

मंग उद्या पाटावर मी उलटं बोलनार. पाठ केलं: इठ्ठला, तुपल्या मायला कुठं धाडलं तं मी रोज तुपल्या खाटेखाली येऊन बसन आन् खाकरन. सु.का.ला बी एक हाय. म्हशीच्या पोटातून बोलन म्हननार.

हासलो, किती दिवसानं. मंग आठवलं, हे बी आबाच्याच आवाजात म्हनायचं हाय. तिच्यासमोर.

एकदाच. शेवटचं.

२१, रवि. आमोशा

जेवून आलो आन् लगेच लिहायला बसलो.

पाट मांडला. इ.का.नं पाय धुतले, घोट्याला मुद्दाम चिमटा काढला. ध्यान ठेव म्हनून. सु.का. लेकराला कडेवर घेऊन चौकटीत. तिची नजर मह्या तोंडावर. आजी वाढून राहिली. वडे, भाजी, कढी. कढी पानाबाहेर सांडली. तिनं पदरानं पुसली.

इ.का. खोकला. हा इशारा व्हता.

मी दोनदा खाकरलो. आबासारखं. तोंड उघडलं.

तं आजी म्हनली, “तुमी बोलू नका.”

हळूच म्हनली. वाढता वाढताच. मला आधी वाटलं लेकराला म्हनली.

“हयातभर तुमीच बोलले. आता जेवा.”

मंग पळी खाली ठेवली. इ.का.कडं वळली. म्हनली, “मी कुठं जात न्हाई. ह्या भिंती मी लिपल्या, दर सालाला. खाट हाय तिथं राहीन. खोकला आला तं खोकीन.”

सु.का. काही म्हनायला गेली, तं आजीनं तिच्याकडं पाह्यलं बी न्हाई, इ.का.लाच म्हनली, पानी दे पितराला, घशात आडकलंय त्याच्या.

खरंच आडकलं व्हतं. वडा.

इ.का.नं पानी देलं. मी पेलो. पूरं जेवलो, मुंडी खाली घालून, जसं जेवायला पाहिजे तसं. मीठ कसं व्हतं इचारू नका, काही कळलं न्हाई. आजीनं दुसऱ्यांदा खीर वाढली, एक थेंब सांडला न्हाई.

उठलो तव्हा इ.का.नं मला आबा म्हनून हात जोडायचे असतेत, ते जोडले. खाली पाहून. मह्याकडं पाह्यलंच न्हाई.

राग कुठं गेला ते पाहून राहिलो. गेला न्हाई. पन आजी तं मह्यापेक्षा लई जास्ती रागात व्हती, किती सालापासून, आन् तिनं एक भांडं आपटलं न्हाई. त्यापुढं मपला राग म्हंजे फटाका.

२२, सोम. घट बसले

खाट घरातच हाय. आज तरी.

सु.का.नं नळावर एकट्यात गाठलं. मला वाटलं आता धरते. तं हळूच म्हनली, आबा परत कधी येतेत रे तुझ्या आंगात? त्यांना म्हन, तुमच्या पोराला गुटखा सोडायला सांगा. मह्यानं म्हनवत न्हाई.

ह्या घरात कोनालाच काही म्हनवत न्हाई! सगळ्याला मेलेला मानूस पाहिजे बोलायला. मी म्हनलं आबा गेले. गेलेच. पुन्हा येत न्हाईत. ती म्हनली, पुढल्या पित्तराला तरी. मी घागर तिथंच सोडून आलो.

म्हंजे ती अजून मानते. इ.का. मानत न्हाई पन गप हाय. उद्या त्यांचं भांडन झालं आन् रागात त्याच्या तोंडून निघालं की ते गज्याचं नाटक व्हतं, तं सु.का. खाट बाहेर टाकंन का? का आता आजीच टाकू देनार न्हाई? मला ठाऊक न्हाई. कालचं कालच्यापुरतं व्हतं का कायमचं, ते बी ठाऊक न्हाई.

सकाळी आजीनं हाक मारली. “गज्या.” गज्या म्हनली, आबा न्हाई. घटाला वावरातली काळी माती आनून दे म्हनली. आनून देली. तिनं खडे येचले, गहू पेरले, पानी शिंपडलं. पाटावरचं काही बोलली न्हाई. मी निघालो तं म्हनली, उद्यापासून ताट आनत न्हाई बरं मी, भूक लागली तं तूच येत जाय, चुलीपाशी बसून खाय.

काल पाटावर ती कोनाला बोलली? आबाला, का मला? चार डाव इचारायला गेलो, चार डाव दारातून माघारी.

म्हनून आता हे जो कोनी वाचत आसन, त्याच्या पाया पडतो. आई आसशील, बाप आसशील, वर्गातला किसन्या आसशील, शाळेतल्या बाई आसाल. चित्रं पाह्य, हास, मला मार पाहिजे तं मार. पन बाहेर एक शबूद काढू नको. इ.का.ला न्हाई, सु.का.ला न्हाई, कोंडिबा तात्याला तं न्हाईच, त्याच्या पोटात फकस्त जेवन राहते. आन् आजीला बिलकुल सांगू नको. तिला ठाऊक आसंल तरी सांगू नको.